वॉलेटची फाइल आणि प्रोग्रॅमचा खासगी कप्पा

क्रिप्टोचलनाच्या वॉलेटमध्ये नाणी नसतात. कोणाकडे किती बिटकॉइन आहेत याचा हिशेब ब्लॉकचेन नावाच्या सार्वजनिक खातेवहीत असतो आणि त्या खातेवहीच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर असतात. वॉलेटमध्ये असते ती खासगी किल्ली. बिटकॉइनच्या बाबतीत ही किल्ली म्हणजे २५६ बिटांचा, म्हणजे अवघ्या ३२ बाइटांचा एक आकडा. देवनागरीतली दहा अक्षरे संगणकात साठवायला साधारण तेवढीच जागा लागते. हा आकडा ज्याच्या हाती, त्याची सही खातेवही मान्य करते. तो आकडा कोणी कसा मिळवला, याची चौकशी ती करत नाही.

क्रिप्टोची चोरी बँकेतल्या चोरीपेक्षा वेगळी ठरते ती इथेच. बँकेच्या खात्यातून पैसे गेले, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केल्यास रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते, कारण वाटेत बँका असतात. ब्लॉकचेनवरचा व्यवहार एकदा नोंदला गेला की तो मागे घेणारे कोणी नसते. चोरीचे पैसे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या एखाद्या एक्स्चेंजमध्ये पोहोचले तर तिथे ते अडवता येतात, पण तेही नशिबावर आणि वेळेवर अवलंबून असते. म्हणून वॉलेटच्या बाबतीत सगळी सुरक्षा चोरीच्या आधीच उभी करावी लागते. तिचा केंद्रबिंदू एकच: ही छोटी फाइल कोण वाचू शकतो?

२०११: एक फाइल आणि पहिले चोर

बिटकॉइनच्या मूळ प्रोग्रॅममध्ये सर्व किल्ल्या ‘वॉलेट.डॅट’ या एका फाइलमध्ये ठेवल्या जात. फाइलचे नाव ठरलेले, फोल्डर ठरलेले आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांत आतला मजकूर कोणत्याही कुलुपाशिवाय. नाण्यांना जोवर भाव नव्हता तोवर हे खपून गेले. जून २०११ मध्ये एका वापरकर्त्याने आपले २५,००० बिटकॉइन चोरीला गेल्याचे जाहीर केले. त्या वेळच्या भावाने ती रक्कम सुमारे पाच लाख डॉलरची होती. त्याच महिन्यात सिमँटेक या सुरक्षा कंपनीने ‘इन्फोस्टीलर.कॉइनबिट’ या घातक सॉफ्टवेअरची माहिती प्रसिद्ध केली. त्याचे काम अगदी साधे होते. विंडोजच्या संगणकावर वॉलेट.डॅट शोधायची आणि ईमेलने चोराला पाठवायची.

या प्रोग्रॅमने कोणतेही कुलूप तोडले नाही. विंडोजमधली एखादी चूकही त्याला लागली नाही. त्याने ऑपरेटिंग सिस्टीमकडे फाइल मागितली आणि सिस्टीमने ती दिली. वापरकर्त्याने सुरू केलेल्या कोणत्याही प्रोग्रॅमला वापरकर्त्याची कोणतीही फाइल वाचता येते, हाच तेव्हाचा नियम होता आणि घरच्या बहुतेक संगणकांवर तो आजही आहे. कॉइनबिटने त्या नियमाचा फक्त फायदा घेतला.

परवानगी माणसाला, प्रोग्रॅमला नाही

हा नियम आला कुठून हे समजण्यासाठी १९७० च्या दशकात जावे लागते. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली. त्या काळी एक महागडा संगणक अनेक जण मिळून वापरत. धोका होता तो शेजारच्या टर्मिनलवर बसलेल्या दुसऱ्या माणसाचा. म्हणून प्रत्येक फाइलला मालक ठरवला गेला. मालकाला काय करता येईल, त्याच्या गटाला काय आणि इतरांना काय, एवढे तीन प्रश्न सिस्टीम विचारी. मालकाने चालवलेला प्रोग्रॅम मालकाचेच ऐकणार, हे गृहीत होते. प्रोग्रॅम बहुतेक त्याने स्वतः लिहिलेला असे किंवा शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याने.

आज परिस्थिती उलटी आहे. लॅपटॉपला माणूस एक आणि प्रोग्रॅम शेकडो, तेही अनोळखी लोकांनी लिहिलेले. पण फाइलच्या दारावरचा पहारेकरी अजून तोच जुना प्रश्न विचारतो: माणूस कोणता? त्यामुळे गेम, पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम, चुकून उतरवलेला घातक प्रोग्रॅम आणि वॉलेट हे सगळे त्या एकाच माणसाच्या नावाने वावरतात. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा भक्कम, पण आतल्या एकाही बिऱ्हाडाला कडी नाही, अशी ही रचना आहे. दरवाजातून एकदा कोणी आत आला की त्याला सगळी घरे मोकळी.

हा दोष नवा नाही आणि तो कोणाच्या लक्षात आला नव्हता असेही नाही. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली माहितीच्या संरक्षणावरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात एक तत्त्व मांडले: प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, त्याहून जास्त नाहीत. तत्त्व सर्वांनी मान्य केले, पाठ्यपुस्तकांत घेतले. पण घरगुती संगणकांच्या रचनेत ते फार उशिरा आणि अर्धवट उतरले. घरच्या संगणकावरच्या एका छोट्या फाइलची किंमत लाखोंत जाऊ लागली तेव्हा या उशिराचे मोल लोकांच्या खिशातून वसूल होऊ लागले.

यादीवरचा इलाज

प्रोग्रॅमला सगळे मोकळे असेल तर वाईट प्रोग्रॅम ओळखून हाकलावेत, हा पहिला उपाय सुचतो. अँटिव्हायरसचा उद्योग त्यावरच उभा राहिला. महाराष्ट्राला हा इतिहास जवळचा आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी १९९० च्या दशकात क्विक हील हे अँटिव्हायरस तयार केले. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने ग्रासलेले असत आणि त्यातूनच हे काम उभे राहिले. त्या काळी व्हायरस फ्लॉपीवरून पसरत, नवा व्हायरस गावोगाव पोहोचायला आठवडे लागत आणि तेवढ्यात त्याची ओळख यादीत घालता येई.

वॉलेट चोरणाऱ्या प्रोग्रॅमांपुढे ही पद्धत एकटी पुरत नाही. रेडलाइन, रॅकून, विडार, लुम्मा ही नावे असलेले चोर-प्रोग्रॅम गुन्हेगारांच्या बाजारात भाड्याने मिळत आले आहेत आणि भाडेकरूला दर वेळी वेगळ्या रूपात बांधलेली प्रत मिळते. यादीत नाव येईपर्यंत त्यांचे काम झालेले असते. ३२ बाइट वाचायला आणि पाठवायला एका सेकंदाहूनही कमी वेळ पुरतो. अँटिव्हायरस उपयोगी आहेच, पण ‘हा चोर आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी बरोबर यावे लागते. एकदा चुकले की किल्ली गेली.

फाइलला कुलूप, आणि कुलपाच्या मर्यादा

दुसरा उपाय म्हणजे फाइलच सांकेतिक करणे. बिटकॉइनच्या मूळ प्रोग्रॅमने सप्टेंबर २०११ मधल्या ०.४.० या आवृत्तीत ही सोय दिली. खासगी किल्ल्या पासवर्डने बंद होऊ लागल्या आणि फाइल चोरीला गेली तरी ती लगेच उघडत नाही, एवढे पदरात पडले. आज ब्राउझरमध्ये चालणारी मेटामास्कसारखी वॉलेटेही आपला साठा पासवर्डने बंद करून क्रोमच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये ठेवतात.

पण पासवर्ड माणसाने निवडलेला असतो. फाइलची प्रत हाती लागलेला चोर ती आपल्या संगणकावर नेतो आणि नाव, जन्मसाल, मोबाइल नंबर यांच्या कोट्यवधी जोड्या निवांत लावून पाहतो. तिथे ‘तीन वेळा चुकलात, खाते बंद’ असे म्हणणारे कोणी नसते. चोर-प्रोग्रॅम संगणकात टिकून राहिला, तर मालक पासवर्ड टाइप करताना तो टिपून घेतो किंवा वॉलेट उघडे असताना मेमरीतून किल्ली उचलतो. विंडोजमध्ये एका वापरकर्त्याच्या नावाने चालणारे प्रोग्रॅम एकमेकांची कळफलकावरची टकटक ऐकू शकतात. म्हणजे कुलूप चांगले असले तरी कुलूपही आणि किल्लीही त्याच मोकळ्या अंगणात राहतात. फाइल मुळात चोराच्या हाती पडूच नये, ही व्यवस्था तरीही लागतेच.

खासगी कप्पा म्हणजे काय

ही व्यवस्था म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचा खासगी साठा. कल्पना थोडक्यात अशी. प्रोग्रॅम बसवला की ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्यासाठी एक फोल्डर राखून ठेवते. ते फोल्डर फक्त त्याच प्रोग्रॅमला उघडते. त्याच माणसाने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमलाही ते दिसत नाही. पहारेकऱ्याचा प्रश्न बदलतो: माणूस कोणता एवढेच न विचारता तो प्रोग्रॅम कोणता हेही विचारतो.

यात एक फरक नीट समजून घ्यावा लागतो, कारण त्यावरून बरीच उत्पादने सुरक्षित वाटतात आणि नसतात. संशयित प्रोग्रॅमला कोंडून ठेवणे ही एक गोष्ट आणि मौल्यवान साठ्याला कुंपण घालणे ही दुसरी. पहिल्या पद्धतीत कोंडलेला प्रोग्रॅम बाहेर पाहू शकत नाही. पण न कोंडलेला कोणताही प्रोग्रॅम त्याच्या फोल्डरमध्ये डोकावू शकतो. चोर काही स्वतःला कोंडून घेत नाही. वॉलेटला हवी असते ती दुसरी पद्धत, म्हणजे इतर कोणीही असो, मूळ उत्तर ‘नाही’.

हे ‘नाही’ खरोखर टिकायचे तर चार गोष्टी जमाव्या लागतात. पहिली, प्रोग्रॅमची ओळख नावावरून पटवता येत नाही. चोरही स्वतःला ‘बिटकॉइन’ म्हणवून घेईल. ओळख पटते ती प्रोग्रॅम बनवणाऱ्याच्या डिजिटल सहीवरून. दुसरी, अडवणूक ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून व्हावी. वॉलेटने स्वतःभोवती घातलेले कुंपण शेजारचा प्रोग्रॅम सहज ओलांडतो. तिसरी, चालू प्रोग्रॅमच्या मेमरीलाही तेच संरक्षण हवे, नाहीतर फाइल बंद आणि खिडकी उघडी. चौथी, मालकासाठी एक अधिकृत वाट हवी. बॅकअप घ्यायचा असेल तर सिस्टीमने स्वतःची फाइल निवडण्याची चौकट दाखवावी, मालकाने जागा निवडावी आणि तेवढ्या एका फाइलचाच अधिकार प्रोग्रॅमला मिळावा. ही वाट नसेल तर लोक कंटाळून सगळे कुंपणच काढून टाकतात.

ही कल्पना घरगुती संगणकात आणण्याचा एक मोठा प्रयत्न २००७ साली झाला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पात मुलांसाठी बनवलेल्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपसाठी इव्हान क्रिस्टिच यांनी ‘बिटफ्रॉस्ट’ नावाचा सुरक्षा आराखडा लिहिला. अजून नीट वाचताही न येणाऱ्या मुलाला ‘हा प्रोग्रॅम विश्वासू आहे का?’ असे विचारण्यात अर्थ नाही, हा त्याचा पाया होता. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा ठेवावा आणि मुलाच्या बाकीच्या फाइलींना त्याचा हात लागू नये, अशी मांडणी त्यात केली होती. या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग महाराष्ट्रातच, रायगड जिल्ह्यातल्या खैरात या आदिवासी वस्तीच्या शाळेत, २००७ साली सुरू झाला. आराखड्यातले सगळे कागदावरून यंत्रात उतरले नाही, पण त्यामागचा विचार पुढे मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आला, तो मोबाइल फोनमध्ये.

फोनच्या आत

नृसिंहाच्या मंदिरामुळे ओळखले जाणारे परभणी तालुक्यातले पोखर्णी घ्या. अशा गावात संगणक मोजक्या घरांत आणि मोबाइल जवळपास प्रत्येक घरात, हे चित्र मराठवाड्यात सर्वत्र आहे. क्रिप्टोत पैसे घालणारा तरुण इथे वॉलेट वापरतो ते अँड्रॉइडच्या फोनवर. त्याच फोनवर पीक विम्याचे ॲप असते, धाकट्या भावंडांचे गेम असतात आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फाइलीही असतात. ‘पीएम किसानची यादी’, ‘आरटीओ चलन’, लग्नाची पत्रिका अशा नावांनी एपीके फाइली पाठवून फोनमध्ये घातक ॲप घुसवण्याचे प्रकार राज्यभर घडले आहेत आणि पोलिसांनी त्यांबद्दल वारंवार सावध केले आहे.

समजा या फोनवर वॉलेटचे ॲप आहे आणि कोणीतरी ‘यादी’ म्हणून आलेले एपीके बसवले. अँड्रॉइड लिनक्सवर बांधलेले आहे आणि लिनक्सने युनिक्सची ती माणसागणिक परवानगीची पद्धत घेतली आहे. अँड्रॉइडच्या रचनाकारांनी तिचा वेगळाच वापर केला. प्रत्येक ॲपलाच त्यांनी एक स्वतंत्र ‘वापरकर्ता’ मानले. ॲप बसवताना त्याला १०००० पासून पुढचा एक क्रमांक मिळतो. समजा वॉलेटचा क्रमांक १०२४१ आणि ‘यादी’चा १०२५८. वॉलेटचे फोल्डर १०२४१ च्या मालकीचे असते आणि त्याची परवानगी मालकापुरतीच असते. ‘यादी’ने ते फोल्डर उघडायची मागणी केली की कर्नल दोन क्रमांक ताडून पाहते आणि ‘परवानगी नाकारली’ एवढेच उत्तर परत करते. फोनच्या मालकाला काही विचारले जात नाही, स्क्रीनवर काही झळकत नाही. २०११ मध्ये कॉइनबिटला जे मागताच मिळाले, ते इथे मागूनही मिळत नाही.

ॲपची ओळख सहीवरच ठरते. बसवलेल्या वॉलेटच्या जागी त्याच नावाचे दुसरे एपीके ‘अपडेट’ म्हणून टाकायचा प्रयत्न केला आणि त्यावरची सही वेगळी निघाली, तर अँड्रॉइड ते बसवायलाच नकार देते. पाचव्या आवृत्तीपासून एसईलिनक्स या दुसऱ्या पहाऱ्याची संपूर्ण अंमलबजावणी झाली, त्यामुळे एक पहारा चुकला तरी दुसरा उभा राहतो. आयफोनमध्ये मार्ग वेगळा आहे, परिणाम तोच. तिथेही प्रत्येक ॲपचा साठा वेगळ्या डब्यात असतो आणि कर्नल इतरांना तिथे फिरकू देत नाही.

याच्या जोडीला फोनमध्ये किल्ल्या राखणारी वेगळी यंत्रणाही असते: अँड्रॉइडमध्ये कीस्टोअर आणि आयफोनमध्ये २०१३ च्या ५एस पासून आलेले सिक्युअर एन्क्लेव्ह. यात ठेवलेली किल्ली बाहेर काढताच येत नाही. फक्त तिच्याकडून काम करून घेता येते. मात्र बिटकॉइन आणि इथेरियम ज्या गणिती वक्रावर सही करतात, तो वक्र या यंत्रणांना चालत नाही. म्हणून वॉलेट-ॲपे बहुधा मधली वाट काढतात. नाण्यांची किल्ली सांकेतिक करून खासगी फोल्डरमध्ये ठेवायची आणि ती उघडणारी किल्ली या यंत्रणेत ठेवायची. प्रत्यक्ष सही करताना नाण्यांची किल्ली क्षणभर मेमरीत येतेच, म्हणून फोल्डरभोवतीची भिंत इथेही लागते.

टेबलावरच्या संगणकाची स्थिती

फोनमध्ये जे पहिल्या दिवसापासून आले, ते टेबलावरच्या संगणकात नंतर जोडावे लागत आहे. चाळीस वर्षांचे प्रोग्रॅम एकमेकांच्या फाइली वाचता येतात या गृहीतावर लिहिलेले आहेत. ते एका रात्रीत बदलत नाहीत.

विंडोजमध्ये २००० सालापासून डीपीएपीआय नावाची सोय आहे. ती गुपिते सांकेतिक करते, पण माणसाच्या नावाने. त्याच माणसाच्या नावाने चालणाऱ्या चोराने ‘हे उघडून दे’ म्हटले की तीही उघडून देते. गुगलने जुलै २०२४ मध्ये क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीत विंडोजसाठी यावर उपाय आणला. वरच्या अधिकाराने चालणारी एक वेगळी सेवा मागणारा प्रोग्रॅम क्रोमच आहे का हे तपासते आणि मगच किल्ली देते. सुरुवात ब्राउझरच्या कुकींपासून झाली. काही आठवड्यांतच चोर-प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी पळवाटा शोधल्या: क्रोमच्याच पोटात आपला कोड घुसवायचा किंवा वरचे अधिकार मिळवायचे. मेमरीला संरक्षण हवे ही तिसरी अट किती महत्त्वाची आहे, ते यातून दिसते. तरी हा प्रयत्न वाया गेला असे म्हणता येत नाही. आधी चोर गुपचूप फाइल उचलत असे. आता त्याला दुसऱ्या प्रोग्रॅमच्या अंगात शिरावे लागते आणि अशी हालचाल अँटिव्हायरसच्या नजरेत लवकर भरते.

मॅकओएसने २०२३ च्या सोनोमा आवृत्तीत सँडबॉक्समधल्या, म्हणजे कोंडून चालवलेल्या, ॲपच्या साठ्याला कुंपण घातले. दुसऱ्या ॲपने तिथे हात घातला तर मालकाची परवानगी मागितली जाते. लिनक्समध्ये साहित्य भरपूर आहे, पण जुळवाजुळव मालकाने करायची असते. फ्लॅटपॅकमधून बसवलेल्या प्रोग्रॅमला वेगळे फोल्डर मिळते, पण ते कोंडण्याच्या पद्धतीतले आहे. बाहेरच्या साध्या प्रोग्रॅमला ते उघडेच असते. एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर वापरून कुंपण घालता येते, त्यासाठी जाणकार हात लागतो. जाणकार नसलेल्यासाठीही एक जुना, साधा मार्ग आहे. संगणकावर वेगळे वापरकर्ता-खाते काढायचे, त्यात वॉलेटशिवाय काहीही चालवायचे नाही आणि त्याचे होम फोल्डर इतरांसाठी बंद ठेवायचे. अँड्रॉइड जे आपोआप करते, तेच हाताने केल्यासारखे आहे. त्याहून पुढे क्यूब्स ओएस ही सिस्टीम प्रत्येक कामासाठी वेगळा आभासी संगणकच देते आणि किल्ल्या इंटरनेट नसलेल्या आभासी संगणकात ठेवते.

भिंतीपलीकडचे धोके

खासगी कप्पा फाइल राखतो. फाइलमधले गुपित मालकानेच बाहेर आणून ठेवले, तर कप्प्याचा इलाज चालत नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सीड फ्रेज. २०१३ साली मांडल्या गेलेल्या बीआयपी-३९ या पद्धतीनुसार २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून १२ किंवा २४ शब्द निवडले जातात आणि त्यांतून सगळ्या किल्ल्या पुन्हा तयार करता येतात. वॉलेट सुरू करताना हे शब्द एकदा स्क्रीनवर येतात. घाईत असलेला माणूस दोन बटणे दाबून स्क्रीनशॉट काढतो. त्या क्षणी ते बारा शब्द खासगी फोल्डरमधून निघून गॅलरीत पडतात आणि गॅलरी ही सर्वांच्या ये-जा करण्याची जागा आहे. फोटो पाहण्याची परवानगी असलेल्या प्रत्येक ॲपला ते दिसतात. बॅकअप चालू असेल तर क्लाउडवरही जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीने उघड केलेल्या ‘स्पार्ककॅट’ या घातक सॉफ्टवेअरचे कामच हे होते. गॅलरीतल्या चित्रांमधला मजकूर वाचायचा आणि सीड फ्रेजसारखे काही दिसले की चित्र पाठवून द्यायचे. गुगल प्ले आणि ॲपलचे ॲप स्टोअर या दोन्हींवरच्या ॲपांत ते सापडले. त्याने एकही भिंत फोडली नाही. म्हणूनच जबाबदार वॉलेट-ॲपे त्या पडद्यावर स्क्रीनशॉट काढूच देत नाहीत. तो त्रास नसून संरक्षण आहे.

दुसरी वाट ॲक्सेसिबिलिटी परवानगीची. दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवण्यासाठी आणि ज्यांना हात वापरता येत नाहीत त्यांच्या वतीने बटणे दाबण्यासाठी ही सोय आहे. तीच घातक ॲपला मिळाली की ते वॉलेटचा पडदा वाचते आणि स्वतः ‘पाठवा’ दाबते. वर उल्लेखलेली खोटी एपीके बसवल्यावर पहिली मागणी बहुतेकदा हीच असते. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आणलेल्या ॲपला ही परवानगी सहज देता येत नाही; पण ठग फोनवरून एकेक पायरी सांगत ती देववतात.

तिसरी वाट क्लिपबोर्डची. क्रिप्टोचा पत्ता लांबलचक असल्याने लोक तो कॉपी करून चिकटवतात. मधल्या क्षणी चोर-प्रोग्रॅम त्या जागी स्वतःचा पत्ता ठेवतो. चौथी वाट रूट केलेल्या फोनची. रूट केल्यावर क्रमांक ताडणाऱ्या पहारेकऱ्यालाच बाजूला सारणारा अधिकार कोणाला तरी मिळालेला असतो. त्या फोनवर वॉलेट ठेवणे म्हणजे भिंत स्वतः पाडणे.

मोठ्या संस्थांनाही या मर्यादा सुटलेल्या नाहीत. मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून १८ जुलै २०२४ रोजी २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची मालमत्ता गेली. ज्या वॉलेटमधून ती गेली, त्यातून पैसे हलवायला कंपनीच्या तिघांची सही आणि त्यावर साठा सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीची मंजुरी लागत असे. सह्या हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे किल्ली स्वतःतच ठेवणाऱ्या छोट्या यंत्रावर, होत. स्क्रीनवर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत तफावत होती, असे वझीरएक्सने सांगितले. भेद कोणाच्या बाजूला झाला, याबद्दल दोन्ही कंपन्यांचे दावे वेगळे राहिले. किल्ली जागेवर राहूनही सही चुकीच्या कागदावर घेता येते, हा त्यातला धडा. त्यानंतर वर्षभराने, १९ जुलै २०२५ रोजी कॉइनडीसीएक्स या एक्स्चेंजच्या एका अंतर्गत खात्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ग्राहकांच्या ठेवींना धक्का लागला नाही, असे कंपनीने जाहीर केले आणि तोटा स्वतःच्या गंगाजळीतून सोसला. एका कर्मचाऱ्याच्या कार्यालयीन लॅपटॉपमध्ये बाहेरच्या कामाच्या निमित्ताने घातक सॉफ्टवेअर शिरले असावे, असा पोलिसांचा संशय त्या वेळी प्रसिद्ध झाला. एकाच लॅपटॉपवर परक्याने दिलेली फाइल आणि कामाचे अधिकार एकत्र नांदत असतील, तर काय होऊ शकते याचा इशारा त्यात आहे.

मालकाच्या हातातले

या सगळ्यातून वॉलेटच्या मालकासाठी काही गोष्टी सरळ निघतात. विंडोजच्या संगणकापेक्षा अद्ययावत आणि रूट न केलेला फोन वॉलेटसाठी बरा, कारण तिथे भिंत आधीच उभी आहे. संगणकच वापरायचा असेल तर वॉलेटसाठी वेगळे खाते काढावे. रक्कम मोठी असेल तर हार्डवेअर वॉलेट घ्यावे. त्यात किल्ली संगणकात येतच नाही. सहीसाठी व्यवहार त्या छोट्या यंत्रात जातो आणि फक्त सही बाहेर येते. मात्र त्याच्या पडद्यावरचा पत्ता आणि रक्कम वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

व्हॉट्सॲपवर आलेले एपीके बसवू नये, ते ओळखीच्या नंबरवरून आले असले तरी. त्या ओळखीच्या माणसाचा फोनच आधी चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. सरकारी योजनेची यादी योजनेच्या संकेतस्थळावर पाहता येते, तिच्यासाठी ॲप बसवावे लागत नाही. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये कोणकोणती ॲपे आहेत ते आजच पाहावे आणि गरज नसलेली काढावीत. फोटोंची परवानगी मागणाऱ्या ॲपला सगळी गॅलरी न देता निवडक फोटोच द्यावेत. अँड्रॉइड १४ पासून आणि आयओएस १४ पासून तशी सोय आहे.

सीड फ्रेज कागदावर लिहावी, स्पेलिंग जसेच्या तसे आणि शब्दांचा क्रम जपून. तिचा फोटो काढू नये, ती स्वतःला व्हॉट्सॲप करू नये, नोट्समध्ये ठेवू नये. दोन प्रती दोन सुरक्षित घरांत ठेवाव्यात आणि त्या कशाच्या आहेत हे घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असावे. कोणतेही ॲप, कोणताही ‘कस्टमर केअर’ किंवा कोणताही अधिकारी ही फ्रेज मागत असेल, तर तो चोर आहे असे समजून तिथेच थांबावे. चोरी झालीच, तर उरलेली नाणी स्वच्छ फोनवर काढलेल्या नव्या वॉलेटमध्ये ताबडतोब हलवावीत, १९३० वर तक्रार नोंदवावी आणि व्यवहाराचा क्रमांक सोबत द्यावा, कारण पैशाचा माग त्यावरूनच काढता येतो.

सावधपणा आवश्यक आहे, पण सगळा भार माणसाच्या सावधपणावर टाकणे न्याय्य नाही. पोखर्णीतल्या शेतकऱ्याच्या मुलाने प्रत्येक फाइलच्या पोटात काय आहे हे ओळखावे, ही अपेक्षा अनुभवी अभियंत्यालाही झेपत नाही. एक चुकीचे ॲप बसवल्याची शिक्षा आयुष्यभराची बचत गमावण्याएवढी असू नये. फोनमधल्या खासगी कप्प्याने ती शिक्षा पुष्कळ कमी केली आहे: चुकीचे ॲप आले तरी ते आपल्या फोल्डरपुरतेच उरते आणि पुढे जायला त्याला मालकाची परवानगी मिळवावी लागते. तीच मूळ व्यवस्था टेबलावरच्या संगणकांतही, कोणी मागितली नाही तरी आणि कोणाला कळली नाही तरी, आपोआप चालू असायला हवी.